तीन ग्रॅमांचा जमाखर्च

एप्रिलच्या मध्यावर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या घराघरांत एक छोटं काम निघतं. गॅरेजच्या फळीवरून लाल बुडाची एक बाटली खाली येते, गरम पाण्यानं खळखळून धुतली जाते आणि साखरपाणी भरून डेकच्या कडेला टांगली जाते. न्यू जर्सीत, व्हर्जिनियात, नॉर्थ कॅरोलायनात हे कितीतरी वर्षं चालत आलंय. आता तिथल्या मराठी घरांतही चालतं. मे महिन्यात पुण्या-नाशकाहून मुलांकडे राहायला आलेले आईवडील आधी त्या बाटलीकडे जरा संशयानंच पाहतात. मग एक दिवस तो येतो. अंगठ्याएवढा, पाठीवर चकचकीत हिरवा, हवेत एका जागी खिळलेला. त्यानंतर सकाळचा चहा डेकवर होऊ लागतो आणि लवकरच प्रश्न निघतो : हा आपल्याकडे जास्त वेळा यावा म्हणून काय करायचं?

याचं ठरलेलं उत्तर दुकानात मिळतं. लाल रंग आणि साखर. उत्तर चूक नाही, पण ते शेवटाकडून सुरू होतं. हमिंगबर्ड कळायचा असेल तर त्याच्या आवडीनिवडी बाजूला ठेवून आधी त्याचा खर्च पाहावा लागतो. या पक्ष्याच्या गाठीशी शिल्लक जवळजवळ नसते. बाकी सगळं, म्हणजे त्याचं लाल फुलांकडे झेपावणं, भांडकुदळपणा, दांडगी स्मरणशक्ती, रात्रीची विचित्र झोप, या एका गोष्टीतून उलगडत जातं. आणि ते उलगडलं की बाटली कुठे टांगावी, कोणतं रोप लावावं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

पक्षी कोणता ते आधी सांगतो. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांतल्या. उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेला तिएरा देल फुएगोपर्यंत. बहुतेक जाती विषुववृत्ताच्या आसपास, अँडीज पर्वताच्या अंगाखांद्यावर. अमेरिकेच्या पूर्व निम्म्या भागात मात्र घरटं करणारी जात एकच : रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड. नराच्या गळ्याला माणकासारखा लाल पट्टा, मादीचा गळा पांढुरका. वजन साधारण तीन ग्रॅम, कधी थोडं जास्त. पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात वगैरे, अॅनाज हमिंगबर्ड बारा महिने असतो. आपण मुख्यतः पूर्वेकडच्या या तीन ग्रॅमवाल्याविषयी बोलू.

तीन ग्रॅम हे वजन गरम रक्ताच्या प्राण्याला परवडणारं नाही. देह जितका लहान तितकी वजनाच्या मानानं कातडी जास्त, आणि उष्णता कातडीतूनच निसटते. त्यात पक्ष्याचं अंग माणसापेक्षा गरम, चाळीस अंशांच्या आसपास. म्हणजे हा पक्षी नुसता फांदीवर बसून राहिला तरी खर्च चालूच. आणि तो बसून जेवत नाही. हवेत थांबून जेवतो. सेकंदाला पन्नासच्या आसपास पंख मारत, एका जागी.

हे थांबणं म्हणजे उडण्याचा सगळ्यात महागडा प्रकार. साधा पक्षी पुढे जात असतो, त्या वेगामुळे पंखांवरून हवा वाहते आणि त्याला उचलून धरते. पंख वर घेताना त्याला फारसा आधार लागत नाही. हमिंगबर्डला वेगाची ती मदत नाही. तो खांद्यातून पंख असा फिरवतो की मागे नेतानाही तो उलटा होऊन हवा खाली ढकलतो. डग्लस वॉरिक आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हवेतल्या सूक्ष्म थेंबांचं चित्रण करून यातला वाटा मोजला : वजन पेलण्याचं सुमारे तीन चतुर्थांश काम खाली येणारा पंख करतो, उरलेलं एक चतुर्थांश वर जाणारा. कीटकांमध्ये हे काम बरंचसं निम्मं-निम्मं असतं. म्हणजे हमिंगबर्ड कीटकांच्या रस्त्यानं निघाला खरा, पण पक्ष्याची हाडं घेऊन; त्यामुळे अर्ध्यापर्यंतच पोचला. या कामासाठी त्याच्या वजनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग नुसते उडण्याचे स्नायू असतात, आणि उडताना हृदय मिनिटाला हजाराच्या वर ठोके टाकतं.

इतका खर्च करून हवेत थांबायचं कशाला? कारण ज्या फुलांत त्याचं अन्न आहे तिथे बसायला जागाच नसते. अमेरिकेतली हमिंगबर्डची फुलं पाहा : लांब नळी, बहुधा खाली झुकलेली, तळाशी रस आणि पाय टेकायला पाकळी नाही. फुलाच्या बाजूनं हा शहाणपणा आहे. जो हवेत थांबू शकतो आणि लांब चोच आत घालू शकतो त्यालाच रस मिळेल, आणि तोच डोक्याला लागलेले परागकण घेऊन त्याच जातीच्या पुढच्या फुलाकडे जाईल. पक्ष्यानं फुलाला आणि फुलानं पक्ष्याला लाखो वर्षांत घडवत नेलं. हा इतिहास सगळाच अमेरिकेतला नाही, ही एक गंमत. 2004 मध्ये गेराल्ड मायर यांनी जर्मनीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या हमिंगबर्डच्या जीवाश्मांचं वर्णन प्रसिद्ध केलं. कधीकाळी युरोपात असलेला हा पक्षी तिथून पुसला गेला.

इथे थोडं आपल्या अंगणात डोकावून यावंसं वाटतं. आपल्याकडे हमिंगबर्ड नाही. ‘आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड आला’ म्हणून जे फोटो फिरतात त्यांत शिंजीर असतो, नाहीतर हवेत थांबून रस पिणारा पतंग, हॉकमॉथ. शिंजीर क्षणभर पंख फडफडवत थांबू शकतो, पण जमेल तिथे फांदीला नाहीतर फुलाच्या देठाला धरून बसतो, कारण त्याच्या वाट्याला आलेली फुलं बहुधा बसायला जागा देतात. पण आपल्या बागांतली कितीतरी झाडं मुळात अमेरिकेतली आहेत. हॅमेलिया, रसेलिया, लाल साल्विया, आणि ‘इंडिका’ हे शास्त्रीय नाव मिरवणारी कर्दळसुद्धा. कुंपणावर चढणारी गणेशवेलही तिकडचीच. तिची ती लालबुंद, बारीक नळीची, चांदणीसारखी फुलं हमिंगबर्डच्या चोचीच्या मापाची आहेत, आणि तिकडचे बागवाले ती मुद्दाम त्याच्यासाठीच लावतात. पुण्यातल्या हॅमेलियावर शिंजीर जेव्हा लटकून, मान वाकडी करून रस काढत असतो, तेव्हा तो दुसऱ्याच कुणासाठी वाढलेल्या पानावर जेवत असतो.

खर्च असा. आता जमा. एका फुलात रस किती, तर थेंबाचा एक अंश. त्यामुळे दिवसभरात शेकडो, कधी हजारावर फुलांना भेट द्यावी लागते, आणि दिवसाकाठी पोटात जाणारा रस त्याच्या स्वतःच्या वजनाएवढा किंवा त्याहून जास्त भरतो. पिण्याचं यंत्रही तसंच. जीभ बारीक नळीसारखी रस ओढते असं शंभराहून अधिक वर्षं मानलं जाई. अलेहांद्रो रिको-गेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी 2011 मध्ये अतिवेगवान चित्रीकरण करून वेगळंच दाखवलं : जिभेची दोन टोकं रसात बुडताच झालरीसारखी उलगडतात आणि बाहेर येताना रस पकडून मिटतात. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा.

गोड कळण्याची गोष्ट तर आणखी मजेची. पक्ष्यांच्या पूर्वजांनी गोड ओळखणारं एक जनुक केव्हाच गमावलं आहे; कोंबडीला साखर आणि पाणी यांत चवीचा फरक फारसा कळत नाही. हमिंगबर्डचे पूर्वज कीटक खाणारे, त्यामुळे त्यांचंही तेच. मॉड बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की हमिंगबर्डमध्ये मांसाची, प्रथिनांची चव ओळखणारी ग्राही यंत्रणा बदलत जाऊन साखर ओळखू लागली. अॅस्पार्टेमसारखा कृत्रिम गोडवा मात्र तिला फसवू शकत नाही. पक्षी एक घोट घेतो आणि निघून जातो. ज्याचं जगणं दर पंधरा मिनिटांच्या मिळकतीवर आहे त्याला खोटं नाणं तिथल्या तिथे ओळखता आलंच पाहिजे.

प्यालेली साखर तो साठवत बसत नाही. इतर प्राणी काम करताना बराचसा आधीचा साठा जाळतात. हमिंगबर्ड दिवसा उडताना जवळजवळ सगळी ऊर्जा थोड्याच वेळापूर्वी प्यालेल्या साखरेतून काढतो. हातावरचं पोट म्हणतात ते हेच. पण हातावर पोट असलेल्याची रात्र कशी जाते? संध्याकाळी तो भराभर पितो, थोडी चरबी करतो आणि झोपतो. ती चरबी उजाडेपर्यंत पुरली तर ठीक. नाही पुरणार असं दिसलं की शरीर भट्टीच विझवतं. अंगाचं तापमान भोवतालच्या हवेजवळ उतरतं, हृदयाचे ठोके मिनिटाला पन्नासच्या आसपास येतात, हालचाल थांबते. याला टॉर्पर म्हणतात. अँडीजमधल्या ब्लॅक मेटलटेल नावाच्या हमिंगबर्डचं अंग रात्री सव्वातीन अंशांपर्यंत गार झालेलं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलं गेलं. पहाटे पुन्हा भट्टी पेटवायला वेळ लागतो, त्यालाही इंधन लागतं. थंडीतल्या सकाळी एखाद्याला बाटलीला उलटा लटकलेला, मेल्यासारखा हमिंगबर्ड दिसतो. त्याला हात लावायचा नाही, उबेला घरात आणायचा नाही. तो मेलेला नसतो, काटकसर करत असतो.

एखादा म्हणेल, शिल्लकच नसते तर हा पक्षी स्थलांतर कसं करतो? आक्षेप रास्त आहे आणि एकेकाळी तो शास्त्रज्ञांनीही घेतला होता. रुबी-थ्रोटेड हिवाळ्याला मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत जातो, आणि त्यातले कितीतरी पक्षी मेक्सिकोच्या आखातावरून थेट जातात. आठशे किलोमीटर पाणी, मध्ये फूल नाही की फांदी नाही. ऑलिव्हर पिअरसन यांनी 1950 मध्ये या पक्ष्याचा प्राणवायूचा खप मोजून हिशोब मांडला. त्या हिशोबात पक्षी आखात पार होण्याआधीच संपत होता. पक्षी तर दर वर्षी पोचत होते. रॉबर्ट लासिएव्स्की यांनी 1962 मध्ये पुन्हा आकडे मांडले तेव्हा निघालं की दोन ग्रॅम चरबी पुरेशी आहे, आणि निघण्याआधी हा पक्षी तेवढी चरबी करतो. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याचं वजन दुपटीजवळ जातं. वर्षभर शिल्लक न ठेवणारा वर्षातून दोनदा, प्रवासापुरता, अंगाएवढी शिल्लक जमवतो आणि ती एका दमात उडवून टाकतो.

टोरंटोतल्या एरिक एबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी यातला एक बारकावा दाखवला. उन्हाळ्यात हे पक्षी चरबी अगदी तळाला, वजनाच्या पाचेक टक्क्यांवर, आली की टॉर्परमध्ये जातात. स्थलांतराच्या दिवसांत मात्र चरबी भरपूर असतानाही जातात. म्हणजे आधी जे नाइलाजानं होत होतं ते आता बचतीसाठी होतं. काटकसर हा याचा स्वभाव नाही, हत्यार आहे. लागेल तेव्हा ते काढायचं.

आता त्याचं भांडण समजून घ्यायला सोपं जातं. डेकवर बाटली लावलेल्या प्रत्येक घरी ही तक्रार असते : एक नर जवळच्या फांदीवर ठाण मांडून बसतो, आणि दुसरा कुणी आला की त्याच्या अंगावर जातो. बाटलीत साखरपाणी तुडुंब, याचं पोट चिमूटभर, तरी हा हट्ट. घरातली वडीलधारी मंडळी याला माणसांसारखी नावं ठेवून मोकळी होतात. पण हे हावरेपण हिशोबी असतं. लिन कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात स्थलांतरात थांबलेल्या रुफस या पश्चिमेकडच्या जातीच्या हमिंगबर्डचं वजन ते बसतात त्या काटकीलाच तराजू जोडून रोज मोजलं. पक्षी आपल्या राखणीचा फुलांचा टापू दिवसागणिक लहान-मोठा करत होते, आणि वजन सगळ्यात झपाट्यानं वाढेल त्या आकाराला येऊन थांबत होते. टापू लहान तर फुलं कमी. फार मोठा तर हाकलण्यातच मिळकत जाते. भांडण परवडतं तोवर भांडायचं. फुलं विखुरलेली असली किंवा वाटेकरी फार झाले की तोच पक्षी राखण सोडून देतो आणि गुपचूप फेरी मारून जातो.

फेरीवाल्याला लागते ती आठवण. सुसन हीली, अँड्र्यू हर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या अल्बर्टात रुफस हमिंगबर्डपुढे आठ कृत्रिम फुलं ठेवली. चार दर दहा मिनिटांनी भरायची, चार वीस मिनिटांनी. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की पक्ष्यांनी कोणतं फूल केव्हा रिकामं केलं आणि ते पुन्हा केव्हा भरेल, दोन्ही लक्षात ठेवलं. दहा मिनिटांच्या फुलांकडे ते लवकर परतत, वीसवाल्यांकडे उशिरा. तांदळाच्या दाण्याएवढ्या मेंदूत आठ फुलांचं वेळापत्रक. रिकाम्या फुलासमोर जाऊन थांबणं म्हणजे नुसता खर्च, आणि तो या देहाला झेपत नाही.

म्हणून लाल रंगाचंही कोडं सुटतं. लाल रंगाचं त्याला जन्मजात वेड आहे असं समजलं जातं. आयोवातल्या नॅशनल नावाच्या खेड्यात राहणाऱ्या अल्थिया शर्मन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, उन्हाळ्यामागून उन्हाळे, आपल्या बागेत हमिंगबर्डला साखरपाणी दिलं आणि 1913 मध्ये त्याचा वृत्तांत छापला. आधी बाटल्या त्यांनी कृत्रिम फुलात लपवल्या. नंतर साध्या, रंग नसलेल्या बाटल्याही ठेवल्या. पक्षी त्यांच्याकडेही आले आणि येत राहिले. लाल रंग ही फक्त पाटी आहे. मधमाश्यांना लाल नीट दिसत नाही, त्यामुळे लाल नळीच्या फुलात त्यांनी न संपवलेला रस उरण्याची शक्यता जास्त, आणि पक्षी हे शिकतो. एकदा आत रस आहे हे कळलं की पाटीची गरज उरत नाही. साखरपाण्यात लाल रंग घालणं तर निव्वळ निरर्थक. तो रंग त्या तीन ग्रॅमांच्या देहातून गाळून जावा लागतो, आणि मोबदल्यात त्याला काहीच मिळत नाही.

तेव्हा प्रश्न असा उरतो : दर पंधरा मिनिटांनी मिळकत शोधणाऱ्या, नेमकं आठवणाऱ्या, आणि फसवणूक न परवडणाऱ्या पाहुण्याच्या फेरीत आपलं घर कसं बसेल? भुलवण्याचा यात फार थोडा भाग आहे. भरवशाचं व्हावं लागतं.

साखरपाण्याचं प्रमाण एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. त्याच्या आवडत्या फुलांच्या रसाचा गोडवाही साधारण तेवढाच. साखर विरघळेपर्यंत पाणी गरम करायचं आणि पूर्ण गार झाल्यावर भरायचं. आपल्या घरांत अलीकडे पांढऱ्या साखरेला जी नावं ठेवली जातात ती इथे विसरावीत. गूळ नको, ब्राउन शुगर नको. त्यांतलं लोह या पक्ष्याला बाधतं. मध तर अजिबात नको, पातळ केलेल्या मधावर बुरशी फार लवकर धरते. पौष्टिक काही द्यावं ही आपली जुनी खोड, पण पौष्टिक तो दुसरीकडे मिळवतो. बाटलीनं फक्त इंधन द्यायचं.

कडक उन्हाळ्यात हे पाणी दोन दिवसांत आंबतं, म्हणून बाटली सावलीत टांगायची, थोडीच भरायची आणि दर दोन-तीन दिवसांनी गरम पाण्यानं घासून धुवायची. लोक इथेच चुकतात. मे महिन्यात हौसेनं लावलेली बाटली जुलैत काळ्या बुरशीनं भरलेली कितीतरी डेकवर दिसते. अशी बाटली असण्यापेक्षा नसलेली बरी; पक्षी एकदा तोंड वाकडं करून गेला की आपलं नाव त्याच्या फेरीतून कटतं, आणि घोट घेतलाच तर आजारी पडतो. मुंग्या येतात त्यावर उपाय आपल्या आज्यांना ठाऊक असलेलाच : फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायच्या त्या, तसं बाटलीच्या वर पाणी भरलेली छोटी वाटी अडकवलेली मिळते. खिडकीच्या काचेपासून बाटली एक मीटरच्या आत किंवा चांगली नऊ-दहा मीटर लांब हवी. मधल्या अंतरावर पक्षी वेगात येऊन काचेवर आपटतो. बाटलीवर दबा धरून बसणारा मोठा प्रार्थनाकीटक दिसला तर त्याला काडीनं दुसरीकडे न्यावं. तो हमिंगबर्ड पकडून खातो, हे ऐकायला खोटं वाटतं पण तशा नोंदी झाल्या आहेत.

दादागिरी करणाऱ्या नराचा उपायही त्याच हिशोबात आहे. बाटल्या दोन किंवा तीन लावायच्या, आणि एकीवरून दुसरी दिसणार नाही अशा. एक पुढच्या दारी, एक मागच्या. राखण करायचा खर्च वाढला की राखण आपोआप सुटते.

बाटली मात्र अर्धीच गोष्ट आहे. माझं मत विचाराल तर निम्म्याहून कमी. फुलं बाटलीपेक्षा भरवशाची, कारण ती धुवावी लागत नाहीत. अट एक : एप्रिल ते सप्टेंबर कधीही खंड पडता कामा नये. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी पक्षी येतो तेव्हा रानटी कोलंबाईनची झुकलेली लाल-पिवळी फुलं उमलत असतात. त्यानंतर कोरल हनीसकलचा वेल, जो पुढे बराच काळ फुलत राहतो. जुलैत बी बाम आणि ट्रम्पेट व्हाईन. ही दुसरी वेल लावण्याआधी विचार करावा, ती कुंपणच काय, छतही गिळते. ऑगस्टमध्ये ओलसर जागी कार्डिनल फ्लॉवर. आणि शेवटी ओढ्याकाठचं ज्युएलवीड, आपल्या तेरड्याच्या कुळातलं, बोंडाला हात लावला की तसंच फुटणारं. स्थलांतराची चरबी जमवायच्या दिवसांत रुबी-थ्रोटेड त्याच्यावर तुटून पडतो. ते कुणी विकत आणत नाही, उगवलं तर लोक तण म्हणून उपटतात. उपटू नये. नर्सरीतली दुहेरी पाकळ्यांची भपकेबाज वाणं बहुधा टाळावीत. पाकळ्यांच्या हव्यासात अनेकदा रस हरवलेला असतो.

साखरेनं स्नायू बनत नाहीत. त्यासाठी हा पक्षी चिलटं, मावा, बारीक माश्या, कोळी खातो, आणि पिलांना तर तेच लागतं. म्हणून कीटकनाशक फवारलेली बाग, कितीही लाल असली, तरी अर्धं ताट वाढलेली बाग. काही जण केळ्याच्या साली झाडाला टांगून ठेवतात, चिलटं जमावीत म्हणून. शेजाऱ्यांना हे समजावणं अवघड जातं. अंगणातली जळमटंही राहू द्यावीत. मादी कोळ्याचे धागे गोळा करून त्यांनी घरटं बांधते, वरून दगडफुलाचे तुकडे चिकटवते. अक्रोडाच्या अर्ध्या टरफलाएवढं ते घरटं, त्यात वाटाण्याएवढी दोन अंडी. धागे ताणले जातात, त्यामुळे पिलं वाढतील तसं घरटंही रुंदावतं. हे सगळं मादी एकटीच करते; नराचा त्यात पुढे काही वाटा नसतो.

पाहायचं कसं, तर बाटलीकडे टक लावून नव्हे. पिअरसन यांनीच नंतर कॅलिफोर्नियात एका अॅनाज हमिंगबर्डचा अख्खा दिवस नोंदला. त्यातला सुमारे चार-पंचमांश वेळ तो नुसता बसला होता. ज्याला बाहेर पडणं महाग पडतं तो घरातच जास्त बसतो, तसंच. तेव्हा आसपासच्या झाडांवरच्या उघड्या, पानं नसलेल्या काटक्यांचे शेंडे न्याहाळावेत. एकदा त्याची बैठक सापडली की तो पुन:पुन्हा तिथेच येईल. नराचा गळा आधी काळाच दिसेल. त्या पिसांत लाल रंगद्रव्य नाही, प्रकाश ठराविक कोनातून परतला तरच माणिक पेटतं. घड्याळ जवळ ठेवून भेटींच्या वेळा लिहिल्या तर थोड्याच दिवसांत कोण टापू राखतो आणि कोण फेरी मारून जातो ते वेगळं दिसू लागतं. पहाटेची आणि तिन्हीसांजेची गर्दी सगळ्यात मोठी. त्याचं कारण आता सांगायला नको.

बाटल्यांनी पक्षी बिघडतात का, असा प्रश्न नेहमी निघतो. बदलतात, हे खरं. अॅनाज हमिंगबर्ड विसाव्या शतकात कॅलिफोर्नियातून उत्तरेकडे पसरत थेट ब्रिटिश कोलंबियापर्यंत पोचला, आणि त्यामागे बागांत लावलेली परदेशी झाडं आणि या बाटल्याच आहेत. 2025 मधल्या एका अभ्यासात त्याच्या चोचींचा आकारही बाटल्यांच्या प्रसारासोबत बदलल्याचं आढळलं. ते वाईट का चांगलं हे ठरवायला मी धजावत नाही. पण बाटली लटकत राहिली तर पक्षी आळसावून दक्षिणेला जायचाच नाही, ही समजूत मात्र साफ चुकीची आहे. निघायची वेळ त्याला दिवसाची घटती लांबी सांगते. ऑगस्टपासून नर निघू लागतात, मागून माद्या आणि त्या वर्षीची पिलं, जी हा रस्ता पहिल्यांदाच आणि एकेकटी उडतात. सप्टेंबरअखेर डेक ओस पडतो आणि लोक बाटली काढून ठेवतात.

ती घाई करू नये. शेवटी निघालेल्या पिलाला वाटेत भरलेली बाटली मिळणं म्हणजे आखाताच्या प्रवासातले काही किलोमीटर. शिवाय न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या मध्यानंतर दिसलेला हमिंगबर्ड रुबी-थ्रोटेड नसण्याचीच शक्यता वाढत जाते; तो बहुधा पश्चिमेकडून भरकटून आलेला रुफस असतो, आणि पायात कडी घालून नोंद करणारी परवानाधारक मंडळी अशा पक्ष्याच्या बातमीची वाटच पाहत असतात. म्हणून जाणकार एक बाटली, अर्धीच भरलेली, नोव्हेंबर संपेपर्यंत ठेवतात. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर ती घरात घ्यायची आणि उजाडायच्या आधी पुन्हा बाहेर टांगायची, कारण टॉर्परमधून उठलेल्या पक्ष्याला पहिला घोट लगेच लागतो.